शाळेत लोकशाही शिकवायला निघालात? वर्गसभेपासून सुरुवात करा

पहिल्या दिवशी मी सातवीच्या वर्गात संविधानाच्या उद्देशिकेचा तक्ता घेऊन गेले होते. मुलांनी ती एका दमात, खड्या आवाजात म्हणून दाखवली. रोज परिपाठाला म्हणतातच. मी विचारलं, "स्वतःप्रत अर्पण करत आहोत, म्हणजे कोणाला अर्पण?" वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, "देवाला."

त्या मुलाचं काही चुकलं नव्हतं. आपल्याकडे अर्पण देवालाच करतात. स्वतःप्रत म्हणजे आपणच आपल्याला, हे मी त्याला तेव्हा सांगितलं आणि त्याने मान डोलावली. पण ते त्याला खरं उमगलं चार महिन्यांनी, वर्गाच्या अर्जावरून मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसली तेव्हा. आपण ठरवलेलं घडू शकतं, हे त्या दिवशी त्याने डोळ्यांनी पाहिलं.

पुण्यातल्या मराठी शाळांमध्ये संविधान आणि लोकशाहीचा आठवड्याला एक तास घेणारी मी एक ताई. त्या कामाचा कणा म्हणजे वर्गसभा: मुलांनी स्वतः चालवलेली आठवड्याची सभा, जिचे विषय मुलं चिठ्ठ्यांवर लिहून एका पेटीत टाकतात. तुम्ही शिक्षक असाल किंवा माझ्यासारखे बाहेरून येणारे. मी अडखळले त्या जागा तुम्हाला आधीच माहीत असाव्यात, म्हणून हे लिहिते आहे.

१. मुलांच्या हातात काय देणार, ते आधी ठरवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि ती वर्गात पाऊल टाकण्याआधीची आहे. मुलांना "तुम्ही ठरवा" म्हणायचं आणि त्यांनी ठरवलेलं बाजूला सारायचं, यापेक्षा काहीच न विचारलेलं बरं. एकदा फसलेला वर्ग पुन्हा तोंड उघडत नाही.

मुख्याध्यापकांबरोबर बसून दोन याद्या करा. पहिली यादी मुलं स्वतः ठरवतील अशा गोष्टींची: बसण्याची जागा, वर्गातल्या कामांच्या पाळ्या, मैदानावर कोणत्या दिवशी कोणी खेळायचं, वर्गाच्या वाचनपेटीत कोणती पुस्तकं हवीत. दुसरी यादी मुलं फक्त मागणी करतील अशा गोष्टींची: नळ, पंखे, स्वच्छतागृह, शालेय पोषण आहाराची वेळ. दुसऱ्या यादीसाठी मुख्याध्यापकांकडून एकच शब्द घ्या. वर्गाच्या प्रत्येक अर्जाला पंधरा दिवसांत उत्तर मिळेल. "नाही" असेल तरी चालेल, पण कारणासकट.

एका शाळेत मी हा शब्द न घेता काम सुरू केलं. मुलांनी तीन अर्ज दिले, तिन्ही टेबलाच्या खणात राहिले. दिवाळीनंतर वर्गसभेच्या पेटीत एकही चिठ्ठी आली नाही.

२. परवानगी, तासिका आणि सामान

बाहेरून येत असाल तर महापालिकेच्या शाळेसाठी महापालिकेच्या शिक्षण विभागाचं पत्र लागतं. खासगी अनुदानित शाळेत संस्थेच्या सचिवांचं आणि मुख्याध्यापकांचं. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना) आधी भेटा, पुढची वाट तेच सांगतील. ही धावपळ एप्रिल-मेमध्येच उरका. जूनमध्ये शाळा उघडली की कार्यालयात कोणालाच मान वर करायला फुरसत नसते.

सोबत ठेवायची कागदपत्रं:
- एक पानी अर्ज आणि बारा तासांचा आराखडा
- ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणीचा दाखला
- वर्गशिक्षकांची लेखी संमती (ही कोणी मागत नाही, तरी घ्या. वर्गशिक्षक सोबत नसतील तर तुम्ही बाहेर पडताच सगळं पुसलं जातं)
- सहल किंवा भेट असेल तर पालकांचं संमतीपत्र, फोटो काढणार असाल तर त्याचं वेगळं

सामान थोडंच लागतं. दोनशे पानी वही, बुटांच्या खोक्याची मतपेटी, कोऱ्या चिठ्ठ्या, भिंतीवरचं घड्याळ, शासनाने छापलेली संविधानाची मराठी प्रत आणि एक डस्टर. डस्टर कशाला, ते पुढे येईल.

ऑफ तासिका मिळाली म्हणून खूश होऊ नका. ती कधी मिळेल, कधी जाईल. वेळापत्रकात छापलेली ठरावीक तासिकाच मागा. आणि २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला फलक लावून सुरुवात करण्याचा मोह टाळा. तोवर सहामाही झालेली असते, मग स्नेहसंमेलनाची तयारी लागते. जुलैमध्ये सुरू केलेला वर्ग २६ नोव्हेंबरला स्वतःहून काहीतरी सांगण्याच्या स्थितीत असतो.

३. पहिले तीन तास

पहिल्या तासाला संविधान काढू नका. मुलांना विचारा, "या शाळेत तुम्हाला कोणी न विचारता काय काय ठरतं?" फळा भरून जातो. त्यातलं काय योग्य आणि काय नाही, यावर दोन-दोनच्या जोड्यांत बोलू द्या.

दुसऱ्या तासाला वर्गाचे नियम मुलांकडून लिहून घ्या. पाच-सहा, त्याहून जास्त नकोत. आमच्या वर्गाने पहिला नियम लिहिला, "मुलांनी एकमेकांना चिडवू नये." एक मुलगी उठून म्हणाली, "आणि मुलींनी?" वर्ग हसला, पण ती बसली नाही. 'मुलांनी'मध्ये मुली येतात की नाही, यावर पंधरा मिनिटं वाद झाला. तेव्हा मी हंसा मेहतांची गोष्ट सांगितली. संयुक्त राष्ट्रांमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा लिहिला जात होता तेव्हा पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द होते. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी ते 'सर्व माणसं' असे करून घेण्याचा आग्रह धरला. १० डिसेंबर १९४८ रोजी जाहीरनामा मंजूर झाला तो त्या बदलासह. आमच्या नियमातला 'मुलांनी' खोडून 'वर्गातल्या कोणीही' झालं. मानवी हक्क शिकवायला मला त्या दिवशी वेगळा पाठ घ्यावा लागला नाही.

तिसऱ्या तासाला उद्देशिका. तीही सगळी नाही. 'दर्जाची व संधीची समानता' एवढाच तुकडा घ्या आणि आपल्या वर्गात संधी कोणाला जास्त मिळते ते शोधायला सांगा. फळ्यावर लिहायला कोणाला बोलावतात? पाण्याचा जार उचलायला कोणाला आणि रांगोळी काढायला कोणाला? मुलं आठवडाभर नोंद ठेवतात आणि ती नोंद आपल्यालाही अस्वस्थ करते.

४. वर्गसभा: दर आठवड्याला, त्याच वारी

बाक मागे सारून गोल बसा. सभाध्यक्ष दर आठवड्याला बदलतो, हजेरी क्रमांकाने. निवडणुकीने नको. निवडणुकीत तीच तीन मुलं पुन्हा पुन्हा येतात. हजेरीने आलेल्या एका अबोल मुलीने चालवलेली सभा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती सगळ्यांना बोलायला देत होती, कारण तिला स्वतःला बोलायची घाई नव्हती. सभाध्यक्षाबरोबर एक लेखनिक आणि एक वेळ राखणारा.

पस्तीस मिनिटांत हे बसतं:
- मागच्या सभेचं इतिवृत्त वाचणे, ठरलेली कामं झाली का ते पाहणे
- आठवडाभर पेटीत आलेल्या चिठ्ठ्यांतून दोन विषय घेणे
- डस्टर ज्याच्या हातात, त्यानेच बोलणे
- ठराव, आणि त्यापुढे कोण करणार व कधीपर्यंत

सापळा एक: वर्गसभेचं कोर्ट होतं. "अमक्याने माझी पट्टी तोडली" अशा चिठ्ठ्यांचा ढीग येतो आणि मुलं शिक्षा ठोठावायला उत्सुक असतात. नाव घेऊन तक्रार सभेत घ्यायची नाही, असा नियम पहिल्याच दिवशी करा. 'वस्तू हरवतात, काय करता येईल' असा विषय चालतो.

सापळा दोन: मॉनिटर. फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा मॉनिटर आणि वर्गसभा एका वर्गात फार दिवस नांदत नाहीत. वर्गशिक्षकांशी बोलून त्या कामाच्या पाळ्या करा.

सापळा तीन आपणच असतो. मुलं बोलत असताना आपल्याला उत्तर सुचतं आणि राहवत नाही. मी डस्टरचा नियम स्वतःलाही लावला. हातात डस्टर नाही, तर बोलायचं नाही. पहिले दोन महिने मला ते फार जड गेलं.

आता कडीची गोष्ट. पेटीत चिठ्ठी आली, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून मोठ्या अक्षरांत लिहिलेली: "बाथरूमला कडी नाही." मुलगे आधी हसले. मग एका मुलीने सांगितलं की एकीने आत जायचं तर दुसरीला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं, आणि काही मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. हसणं थांबलं. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय असलं पाहिजे याची यादी आहे: मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, अपंग मुलांना अडथळ्याविना येता येईल अशी वाट, मैदान. मी ती वाचून दाखवली. मुलांनी अर्ज लिहिला. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून त्याचा मसुदा देते:

"मा. मुख्याध्यापक यांस. विषय: मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी बसवण्याबाबत. महोदय, आमच्या वर्गसभेत वरील विषयावर ठराव झाला. दाराला दोन महिन्यांपासून आतून कडी नाही. मैत्रिणीला बाहेर उभं राहावं लागतं आणि दोघींचा तास बुडतो. तरी पंधरा दिवसांत कडी बसवावी ही विनंती. जे ठरेल ते वर्गाला लेखी कळवावे."

अर्ज कार्यालयात द्यायला दोन मुलं गेली. त्यांना मी एकच गोष्ट शिकवून पाठवली होती: दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. लिपिकांनी शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, सही केली. मुलं तो कागद घेऊन धावत वर्गात आली आणि तो अख्ख्या वर्गात हातोहात फिरला. आपल्या म्हणण्याला नंबर मिळतो, ते कुठेतरी नोंदलं जातं, याचं मुलांना केवढं अप्रूप असतं! ही पोच अजिबात वगळू नका. विषय पुढे शाळा व्यवस्थापन समितीत गेला आणि महिना संपायच्या आत कडी बसली. या समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती बंधनकारक नाही, तिथे पालक-शिक्षक संघाकडे जा.

५. मतदान कशावर घ्यायचं आणि कशावर नाही

माझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक इथली आहे, म्हणून सविस्तर सांगते.

चिठ्ठी आली: "डब्यात सुकट आणणाऱ्यांनी वेगळं बसावं." मी म्हटलं, लोकशाही आहे, चर्चा होऊ द्या. चर्चा झाली, वासावर बोलणं झालं, आणि सभाध्यक्षाने हात वर करायला सांगितले. वर्गात त्रेचाळीस मुलं होती. चौतीस हात वर आले. सुकट आणणारी मुलगीही हात वर करून बसली होती. दुसऱ्या दिवसापासून ती डबा आणेनाशी झाली.

मी दोन रात्री नीट झोपले नाही. पुढच्या सभेत डस्टर मागून घेतलं आणि सांगितलं, की हे मत घ्यायला देणं ही माझी चूक होती. मग संविधानाची प्रत उघडली. मूलभूत हक्क संविधानात लिहून का ठेवले? सरकारला बहुमत मिळालं तरी ते सहज काढून घेता येऊ नयेत म्हणून. कलम १५ वाचलं: धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायचा नाही. कलम १७ वाचलं: अस्पृश्यता नष्ट करण्यात आली आहे. एका मुलाने विचारलं, "पण ताई, आम्ही जात कुठे म्हटलं? वास म्हटला." मी उत्तर दिलं नाही, उलट विचारलं, "फणसाच्या वासाला वेगळं बसवलं असतं का? मुळ्याच्या भाजीला?" वर्ग बराच वेळ शांत होता. ठराव मुलांनीच मागे घेतला आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं: कोणाला वेगळं बसवायचं, कोणाला बाहेर ठेवायचं, कोणी काय खायचं यावर मत घ्यायचं नाही.

ती मुलगी आठवड्याने पुन्हा डबा आणू लागली. सुकट मात्र त्या वर्षी तिने आणली नाही. भरून न येणाऱ्या गोष्टी असतात. म्हणून तुम्ही हा नियम पहिल्याच सभेत करून घ्या.

जातीबद्दल आणखी एक. मुलांना उभं करून जात विचारणं, किंवा 'भेदभाव कसा वाटतो' हे कळावं म्हणून निम्म्या वर्गाला खोटं खोटं हिणवण्याचे खेळ घेणं, हे करू नका. ज्यांनी तो अनुभव खरोखर घेतला आहे, ती मुलं त्याच वर्गात बसलेली असतात.

वर्गप्रतिनिधीची निवडणूक घ्यायची तर गुप्त मतदान, उमेदवारांसमोर मोजणी आणि दोन महिन्यांची मुदत. आदल्या दिवशी चॉकलेटं वाटली जातातच. रागवू नका, पुढच्या सभेचा विषय करा.

६. पुस्तकाशी सांगड

"अभ्यासक्रम कधी पूर्ण होणार?" हा प्रश्न येणारच. बालभारतीच्या सध्याच्या पुस्तकांत सहावीला स्थानिक शासन संस्था, सातवीला संविधान आणि मूलभूत हक्क, आठवीला संसदीय शासन पद्धती आहे. आराखड्यात प्रत्येक तासापुढे धड्याचं नाव लिहा, प्रश्न तिथेच मिटतो.

पुस्तक आणि बाहेरचं जग जुळत नाही, तिथे थांबा. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर पुणे महानगरपालिकेचा कारभार प्रशासकाकडे गेला आणि त्यानंतर काही वर्षं निवडून आलेले नगरसेवकच नव्हते. सहावीच्या मुलांना मी गृहपाठ दिला होता, आपल्या प्रभागाच्या नगरसेवकांचं नाव शोधा. मुलं माजी नगरसेवकांची नावं घेऊन आली. ७४व्या घटनादुरुस्तीने महापालिकेची मुदत पाच वर्षं ठरवली आहे आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी, हे आम्ही त्या निमित्ताने वाचलं. मग आपल्या गल्लीचा दिवा बंद पडला तर जायचं कोणाकडे, याचा शोध घेत क्षेत्रीय कार्यालयापर्यंत पोचलो.

पक्ष आणि चालू नेते यांच्यापासून मात्र लांब राहा. पदांबद्दल, संस्थांबद्दल, नियमांबद्दल बोला. एखादं मूल घरातलं राजकीय मत मांडेल, त्याला "तुला असं का वाटतं?" एवढंच विचारा. कोणाच्या आईवडिलांचं मत वर्गात तपासायचं नाही.

७. "हक्क कसले शिकवता, आधी कर्तव्यं शिकवा"

हे वाक्य तुम्हाला शिक्षकखोलीत ऐकू येईल, पालक सभेत तर नक्कीच. चिडू नका. बोलणाऱ्याच्या मनात वर्ग हाताबाहेर जाण्याची भीती असते आणि साठ मुलांच्या वर्गात ती खोटी नसते.

मी शांतपणे दोन गोष्टी सांगते. मूलभूत कर्तव्यं १९७६ मध्ये ४२व्या घटनादुरुस्तीने कलम ५१क म्हणून आली, आणि मी ती शिकवते. पण हक्क मिळायला आधी कर्तव्य पार पाडावं लागतं, अशी अट संविधानात कुठेही नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई करतं, आणि गृहपाठ न करणारं मूल त्यातून वगळलेलं नाही. एवढं सांगून त्यांना वर्गसभा पाहायला बोलवा. सर्वांत कडक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका सरांनी सभा पाहिल्यावर फक्त एवढं म्हटलं, "हा मुलगा माझ्या तासाला कधीच बोलत नाही." पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून आले.

८. मूल काही सांगतं तेव्हा

हक्कांबद्दल बोलू लागलात की कधीतरी एखादं मूल तास संपल्यावर मागे रेंगाळेल. याची तयारी पहिल्या तासाआधीच हवी.

"मी कोणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल, त्यांनाच सांगेन" असं म्हणा. खोदून खोदून विचारू नका, ऐका, आणि त्याच दिवशी त्याच्या शब्दांत लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेची बदनामी होईल म्हणून आतल्या आत मिटवू या, असं कोणी सुचवलं तर ते मान्य करू नका. मुलाचं नाव कुठेही बाहेर जाता कामा नये. चाईल्डलाईनचा क्रमांक १०९८ वर्गात मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली सखी सावित्री समिती कोणाकडे आहे, ते आधीच विचारून ठेवा.

९. पुण्यात कुठे घेऊन जाल

एकच भेट जमणार असेल तर गंज पेठेतला फुले वाडा. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. शाळेतल्या नळाबद्दल भांडलेल्या मुलांना हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीसमोर भिडे वाडा होता, तिथे १८४८ मध्ये मुलींची शाळा सुरू झाली. जुनी इमारत आता उभी नाही, तरी त्या जागेसमोर दोन मिनिटं थांबा. पर्वती चढणार असाल तर पायऱ्यांवर बसून १९२९ चा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सांगा. पुण्यातली मुलं व्यायामाला पर्वतीवर जातात, पण याच पायऱ्यांवर कोणाला अडवलं होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

भेट सकाळच्या वेळी ठेवा. पाण्याच्या बाटल्या आणि वही सोबत, आणि प्रत्येक गटाला एकच प्रश्न द्या. दहा प्रश्नांची प्रश्नावली दिली की मुलं मान खाली घालून फलक उतरवत बसतात.

१०. वर्षाच्या शेवटी

प्रश्नपत्रिका काढू नका. इतिवृत्ताची वही उघडा आणि मुलांबरोबर मोजा: किती ठराव झाले, किती पूर्ण झाले, किती अर्जांना उत्तर आलं, जुलैमध्ये कोण बोलत नव्हतं आणि आता बोलतं. मुख्याध्यापकांना दाखवायलाही हाच कागद पुरतो.

मग ती वही पुढच्या सातवीला द्या. आमच्या वर्गाने शेवटच्या पानावर अपुऱ्या कामांची यादी लिहिली. त्यात तिसरं काम होतं, "खालच्या नळाची तोटी गळते, अर्ज दिला आहे, पोच याच पानाला चिकटवली आहे." जूनमध्ये नव्या मुलांनी पहिल्या सभेत तीच पोच काढली आणि आवक क्रमांक वाचून दाखवला.